पोलिसाने गस्तीची गाडी घरी न्यावी का? न्यावी, पण तो इथेच राहत असेल तर

अमेरिकेत इंडियानापोलिसच्या आसपासच्या आमच्या मराठी ग्रुपवर प्रॉपर्टी टॅक्सवरून वाद चालला होता, आणि त्यात कुणीतरी टाकलं की हे पोलीस सरकारी गाड्या घरी नेतात, पेट्रोल आपल्या पैशाचं, हे आधी बंद करा. त्याखाली पंधरा-वीस अंगठे. मला ते अजिबात पटलं नाही आणि ग्रुपवर एवढं टाइप करणं जमत नाही म्हणून इथे लिहितेय.

आपल्याकडून आलेल्या माणसाला हे विचित्र वाटणारच. महाराष्ट्रात गस्तीची गाडी म्हणजे पोलीस ठाण्याची गाडी, तिचा हिशोब एमटी म्हणजे मोटार ट्रान्सपोर्ट सेक्शनकडे, ड्रायव्हर वेगळा, लॉगबुकात किलोमीटर लिहायचे आणि ड्युटी बदलली की गाडी दुसऱ्याच्या ताब्यात. माझी आई इथे आली होती तेव्हा समोरच्या घरापुढे रोज रात्री पोलिसांची गाडी बघून तिने चौथ्या-पाचव्या दिवशी हळूच विचारलं, "अगं, त्यांच्याकडे काही झालंय का? रोज पोलीस येतात." तिला सांगितलं की तो स्वतःच पोलीस आहे, तर म्हणाली, "मग गाडी चौकीत नको का?"

तर गंमत म्हणजे ही पद्धत मोठ्या प्रमाणावर गाजली ती आमच्याच शहरामुळे. १९६९ मध्ये इंडियानापोलिस पोलिसांनी गस्तीच्या गाड्या शिपायांना घरी न्यायला दिल्या, आणि नुसतं घर ते ड्युटी नाही, सुट्टीच्या वेळी किराणा आणायला जा, मुलांना सोडायला जा, तेव्हाही हीच गाडी वापरा. १९७० मध्ये अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने त्याच्या फायद्या-खर्चाचा अभ्यासही केला. विचार साधा होता: ड्युटीवर नसलेला पोलीसही रस्त्यावर दिसला पाहिजे. ज्या गल्लीत रात्री पट्टे मारलेली गाडी उभी आहे तिथे चोर दहा वेळा विचार करतो, आणि त्या माणसाला रेडिओवर जवळचा मोठा कॉल ऐकू आला तर त्याने जायचंच.

दुसरा फायदा बाहेरून दिसत नाही. एकच गाडी तीन शिफ्टमध्ये तीन जण चालवतात तेव्हा ती भाड्याच्या सायकलीसारखी कुणाचीच नसते, इंजिन चोवीस तास गरम, सीटवर सांडलेली कॉफी, टायर कुणी बघत नाही, आणि शिफ्ट बदलताना आधीचा माणूस कॉलवर अडकला की पुढचा गाडीची वाट बघत बसून. एकाच माणसाची गाडी असली की तो जपतो, ती जास्त वर्षं चालते. अर्थात तिप्पट नाही तरी खूपच जास्त गाड्या आधी विकत घ्याव्या लागतात, हा खर्च खराच आहे, तो मी नाकारत नाहीये.

आता नियम. प्रत्येक खात्याचे वेगळे, पण साधारण सगळीकडे सारखंच सापडतं: गाडीत बसलात की साध्या कपड्यात असलात तरी पिस्तूल, बॅज जवळ हवं, रेडिओ चालू हवा, दारू प्यायलेली असेल तर चावीला हात नाही, बारसमोर गाडी लावायची नाही, बोट ओढायची नाही. माझा समोरचा शेजारी काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्ह्यात, डेप्युटी आहे, शेरीफच्या हाताखालचा पोलीस. तो संध्याकाळी आला की आधी लांब बंदूक काढून घरात नेतो, मग लॅपटॉप, मग पुन्हा येऊन सगळी दारं एकेक ओढून बघतो, बर्फ पडत असला तरी. मी एकदा विचारलं तर म्हणाला की गाडी फोडून नेली तर नेली, बंदूक गेली तर मला झोप लागणार नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कॅलिफोर्नियात तर त्यासाठी कायदाच बदलावा लागला, कारण गाडीत पिस्तूल ठेवायचे सामान्य माणसाला असलेले नियम पोलिसांना लागू नव्हते. १ जानेवारी २०१७ पासून त्यांनाही ते डिकीत किंवा कुलूपबंद पेटीत ठेवावं लागतं, नाहीतर हजार डॉलरपर्यंत दंड.

आणि "फुकटची चैन" म्हणणाऱ्यांनी इन्कम टॅक्सचा नियम वाचावा. साध्या सरकारी कर्मचाऱ्याला ऑफिसची गाडी घरी न्यायला मिळाली तर ठरावीक अटींवर एका बाजूच्या फेरीचा दीड डॉलर त्याच्या उत्पन्नात धरतात. पट्टे मारलेल्या पोलीस गाडीला ते लागू नाही, पण अटी आहेत: माणूस कायम कॉलवर हवा, गाडी घरी नेणं त्याला बंधनकारक हवं, आणि त्याच्या अटकेच्या अधिकाराची हद्द जिथे संपते त्याबाहेर खाजगी वापराला खात्याची बंदी हवी. फेडरल म्हणजे केंद्र सरकारच्या खात्यांत तर उलटंच आहे, घरी नेणं मुळात बंद, मोजके अपवाद, आणि जाणूनबुजून गैरवापर केला तर किमान एक महिना बिनपगारी सस्पेन्शन. ज्यांना परवानगी असते तेही कधी कोर्टात गेले होते, की आम्ही रेडिओ ऐकत, मध्ये कुठे न थांबता गाडी चालवतो तर त्या वेळेचा पगार द्या, आणि २००६ मध्ये फेडरल सर्किट या अपील कोर्टाने सांगितलं की नाही, हा घर ते कामाचा प्रवासच आहे.

टॅक्सच्या त्या हद्दीच्या अटीतच सगळं आलं असं मला वाटतं. गाडी दिसते म्हणून फायदा, माणूस जवळ आहे म्हणून फायदा, पण कुठे? जिथले लोक पैसे भरतात तिथे ना! पोलीस चाळीस मैल लांब दुसऱ्या काउंटीत राहत असेल तर रात्रभर ती गाडी त्या लोकांचं राखण करते, आमच्या कॉलला तो पोचणार कधी, आणि रोजचे ऐंशी मैल पेट्रोल आणि टायर आमचे. असं झालं की मग ती पगाराऐवजी दिलेली सवलत होते. माणसं मिळत नाहीत म्हणून खाती ही सवलत देतात हे मला माहितीये, घरं इतकी महाग झालीयेत की शहरात राहणं तरुण शिपायाला परवडत नाही हेही खरं. पण मग पगार वाढवा, उघडपणे वाढवा, बजेटमध्ये दिसू दे.

त्यामुळे ग्रुपवर "बंद करा" म्हणण्याऐवजी बजेटच्या वेळी कौन्सिलच्या मीटिंगला या, तिथे कुणालाही उठून बोलता येतं. मी तीन गोष्टी विचारणार आहे: किती गाड्या रोज काउंटीबाहेर जातात, त्यांचे मैल किती, आणि रात्री त्यात बंदूक ठेवायला परवानगी आहे का. समोरच्या शेजाऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला विचार, जरूर विचार, बाहेर राहणारे माझ्यावर चिडतील पण विचार.