पॅरिटी फ्लॅगची वंशावळ

इंटेलच्या १९७८ सालच्या ८०८६ पासून सुरू झालेल्या एक्स८६ घराण्यातला आजचा कुठलाही प्रोसेसर घ्या. वीज मिळाली की पहिली काही पावलं तो १९७८ सालातच टाकतो. सोळा बिटांचे रजिस्टर (आकडे ठेवायच्या प्रोसेसरमधल्याच जागा), मेमरीच्या पत्त्यासाठी सेगमेंट आणि ऑफसेट या दोन आकड्यांची जोडी, एका प्रोग्रामने दुसऱ्याची मेमरी खराब केली तर अडवणारं कुणी नाही. या अवस्थेला रिअल मोड म्हणतात. फर्मवेअर, म्हणजे मशीनमध्येच साठवलेलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर, त्याला तिथून ३२ बिटांत आणि मग ६४ बिटांत आणतं, आणि स्क्रीनवर लोगो दिसेपर्यंत हे सगळं उरकलेलंही असतं.

मला हे माहीत आहे ते एका निरुपयोगी छंदामुळे. जुन्या पद्धतीचे बूट सेक्टर, म्हणजे मशीन सुरू होताना डिस्कवरून सगळ्यात आधी उचलले जाणारे इवलेसे प्रोग्राम, लिहायला मला आवडतं. जागा ५१२ बाइट, त्यातले शेवटचे दोन ठरलेले. ऑपरेटिंग सिस्टिम नाही, लायब्ररी नाही, एक अक्षर छापायचं तरी बायोस या जुन्या फर्मवेअरची मनधरणी. पगाराच्या कामात हे कुठेच लागत नाही. पण एम्युलेटरमध्ये, म्हणजे मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, असा प्रोग्राम चालवताना प्रोसेसरचा इतिहास पावलोपावली आडवा येतो, आणि तो पिढ्यांच्या तक्त्यातल्या इतिहासापेक्षा फार वेगळा असतो. इंटेलच्या १९७१ च्या ४००४ या प्रोसेसरमध्ये साधारण २,३०० ट्रान्झिस्टर, १९७८ च्या ८०८६ मध्ये २९,०००, आज अब्जांत. बरं. मला जास्त कुतूहल आहे ते न काढलेल्या गोष्टींचं.

माझी सगळ्यात लाडकी म्हणजे ए२० नावाची तार. ८०८६ ला पत्त्यासाठी २० तारा होत्या, ए० ते ए१९. म्हणजे बरोब्बर एक मेगाबाइट. पत्ता काढायची रीत अशी की सेगमेंटला १६ ने गुणायचं आणि त्यात ऑफसेट मिळवायचा. या बेरजेत कधीकधी उत्तर एक मेगाबाइटच्या थोडं पुढे जातं. पुढे तारच नसल्यामुळे वरचा बिट गळून पडायचा आणि पत्ता पुन्हा शून्यापाशी यायचा. काही प्रोग्राम या गळतीच्याच भरवशावर लिहिले गेले. मग २४ तारांचा ८०२८६ आला. आता एकविसावी तार खरोखरच होती, बिट गळेना, आणि ते प्रोग्राम चालेनात. १९८४ च्या पीसी एटीमध्ये आयबीएमने तोडगा काढला: ए२० तारेवर एक गेट बसवायचं आणि मशीन सुरू होताना ते बंद ठेवायचं. गेट उघडायला मोकळी पिन सापडली ती कीबोर्डच्या कंट्रोलर चिपवर. त्यामुळे वरची मेमरी हवी असेल तर अर्ज कीबोर्डकडे करायचा! एवढ्यावर भागलं नाही. ८०२८६ एकदा रिअल मोड सोडून प्रोटेक्टेड मोडमध्ये, म्हणजे प्रोग्रामांना एकमेकांच्या मेमरीपासून अडवणाऱ्या अवस्थेत, गेला की त्याला परत यायची वाटच ठेवलेली नव्हती. परत आणायचं तर थेट रीसेट. तो रीसेट देण्याचं कामही त्याच कीबोर्ड कंट्रोलरच्या गळ्यात पडलं.

यावर हसणं सोपं आहे. पण त्या टेबलावर बसून निर्णय घेणाऱ्याच्या जागी मी असतो तर वेगळं काय केलं असतं, हे मला सांगता येत नाही. ग्राहकाकडे आधीच विकत घेतलेले प्रोग्राम आहेत, ते नव्या मशीनवर चाललेच पाहिजेत, आणि एक पिन रिकामी आहे.

याहून जुनी गोष्ट पॅरिटी फ्लॅगची. फ्लॅग म्हणजे आधीच्या हिशेबाबद्दल हो किंवा नाही सांगणारा प्रोसेसरमधला एक बिट; पॅरिटीचा अर्थ पुढे येईलच. आजच्या प्रोसेसरचा मूळपुरुष म्हणून सरसकट ४००४ चं नाव घेतलं जातं. बाजारात आलेल्या सुरुवातीच्या मायक्रोप्रोसेसरांत त्याचा मान मोठा, यात वाद नाही. फेडेरिको फॅजिन, टेड हॉफ, स्टॅन मेझर आणि मासातोशी शिमा यांनी बिझिकॉम या जपानी कंपनीच्या कॅल्क्युलेटरसाठी तो घडवला. पण एक्स८६ चं रक्त त्याच्याकडून आलेलं नाही. ते आलं टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओतून. तिथल्या कंप्युटर टर्मिनल कॉर्पोरेशनने १९७० मध्ये डेटापॉइंट २२०० नावाचं टर्मिनल, म्हणजे दूरच्या संगणकाला जोडायचं कीबोर्ड-पडद्याचं यंत्र, जाहीर केलं होतं. व्हिक्टर पूर आणि हॅरी पाइल यांनी त्याचा इन्स्ट्रक्शन संच, म्हणजे प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांची यादी, आखला, आणि हा सगळा प्रोसेसर एका चिपवर बसेल का, अशी विचारणा इंटेलकडे झाली. चिपला उशीर झाला, टर्मिनल सुट्या चिपांवरच विकलं गेलं, आणि नकोशी झालेली ती रचना इंटेलकडे राहिली. १९७२ मध्ये तीच ८००८ म्हणून बाजारात आली. तिच्यातून १९७४ चा ८०८०, आणि ८०८० चे असेम्ब्ली प्रोग्राम यांत्रिकपणे रूपांतरित करता यावेत अशा बेताने आखलेला ८०८६.

त्या टर्मिनलमधला प्रोसेसर एका वेळी एकच बिट हाताळायचा. बेरीज करताना हातचा पुढे न्यायचा, तर लहान किमतीचा बाइट आधी हाती यायला हवा. म्हणून मेमरीत तो आधी ठेवायचा. आज मी डीबगरमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रामच्या आत डोकावायच्या साधनात, मेमरीतली कुठलीही संख्या उघडली की तिचे बाइट उलट्या क्रमाने दिसतात, ते यामुळे. आणि टर्मिनलवरून येणारं अक्षर वाटेत बिघडलं नाही ना हे तपासायला, आठ बिटांतल्या एकांची संख्या सम की विषम हे सांगणारा एक फ्लॅग होता. तो फ्लॅग अजून जागेवर आहे. ६४ बिटांची बेरीज केली तरी तो बिचारा खालच्या आठ बिटांकडेच पाहतो.

हे ओझं टाकून द्यायचा प्रयत्न इंटेलने केला नाही असं नाही. खरं तर ८०८६ हीच तात्पुरती सोय होती. मोठा डाव होता आयएपीएक्स ४३२ या अगदी वेगळ्या प्रोसेसरचा. तो १९८१ मध्ये आला तेव्हा फार मंद निघाला, आणि त्याच वर्षी आयबीएमच्या पीसीने ८०८६ चाच भाऊ ८०८८ उचलला. २००१ मध्ये इंटेलचा इटेनियम प्रोसेसर आला, पाटी कोरी करूनच. दोन वर्षांनी प्रतिस्पर्धी एएमडीने ऑप्टेरॉन आणला, जुनं सगळं चालू ठेवून वर ६४ बिट चढवलेला. लोक तिकडे गेले आणि २००४ मध्ये इंटेललाही त्याच वाटेने यावं लागलं. माझ्या मते यात तांत्रिक गुणवत्तेचा भाग कमीच. जुन्या प्रोग्रामचा मालक नव्या प्रोसेसरसाठी सगळं पुन्हा लिहायला तयार होत नाही, इतकंच.

मधल्या काळात एक पळवाटही निघाली होती. १९९५ च्या पेंटियम प्रोपासून इंटेलचे प्रोसेसर बाहेरून एक्स८६ बोलतात, पण आत त्या इन्स्ट्रक्शनांचे लहान लहान तुकडे करून ते सोयीच्या क्रमाने चालवतात. मला हा त्या दशकातला सगळ्यात हुशार निर्णय वाटतो. मे २०२३ मध्ये इंटेलने एक्स८६एस नावाचा प्रस्ताव मांडला: सोळा बिटांची सुरुवात काढून टाकू, प्रोसेसर थेट ६४ बिटांत उठू दे. माझ्यासारख्या छांदिष्टांना जरा हळहळ वाटली असती, पण प्रस्ताव रास्त होता. डिसेंबर २०२४ मध्ये तो मागे घेतला गेला.

ॲपलला मात्र घर, म्हणजे प्रोसेसरचं घराणं, बदलणं जमतं. ६८०००, मग पॉवरपीसी, मग इंटेल, आणि २०२० मध्ये एआरएम या वेगळ्याच घराण्यावर आधारलेला स्वतःचा एम१. दर वेळी जुने प्रोग्राम काही वर्षं अनुवादक सॉफ्टवेअरच्या जोरावर चालवायचे आणि मग आधार काढून घ्यायचा. एम१ वर हे काम रोझेटा २ करतं. एआरएममध्ये पॅरिटी फ्लॅग नाही. पण एक्स८६ चा प्रोग्राम तो कधी विचारेल याचा नेम नसतो, आणि दर बेरजेनंतर सॉफ्टवेअरमध्ये एकं मोजत बसलं तर वेग गेलाच. बाहेरच्या लोकांनी रोझेटाचं काम उलगडून पाहिलं तेव्हा एक जोडणी सापडली, जिचा ॲपलच्या कागदपत्रांत उल्लेख नाही: हा फ्लॅग एम१ हार्डवेअरमध्येच काढून देतो.