शनिवारचा एक ग्लास

पोरं झोपली की शनिवारी रात्री मी एकटीच गॅलरीत बसते, मोबाईल आत चार्जिंगला आणि हातात एक ग्लास चेनिन ब्लांक, म्हणजे याच नावाच्या द्राक्षांची पांढरी वाईन. बाटली फ्रीजमधून दहा मिनिटं आधी काढायची, फार गार असली की वासच येत नाही ना. ग्लास दांडीला धरायचा, नाहीतर हाताच्या उबेनं वाईन तापते. मग हळूच गोल फिरवून नाक आत घालायचं... आधी पेरू, मग थोडासा मध. घोट लगेच गिळायचा नाही, तोंडात घोळवायचा, आंबटपणा जिभेच्या कडेला मस्त चुणचुणतो! १९९७ मध्ये सुला वाईनवाल्यांनी इथं नाशकात हीच द्राक्षं लावली, त्याआधी आपल्याकडे बहुतेक खायचीच द्राक्षं. एवढा एक ग्लास मला पाऊण तास पुरतो, मग झाकण घट्ट लावून बाटली परत फ्रीजमध्ये.