आमची वाटचाल: कीटो ब्रेडपासून अर्ध्या डब्यापर्यंत

आमची फर्म छोटीच. मी, माझी नणंद (तिला सगळेच ताई म्हणतात, मी पण) आणि हाताखाली दोनचार माणसं. कीटो, म्हणजे कार्ब्स (भात, पोळी, साखर वगैरे) अगदी कमी आणि फॅट जास्त असा आहार, खाणाऱ्यांसाठी ब्रेड, क्रॅकर्स आणि तयार जेवण बनवतो. ताई पूर्वी बेकरीत काम करायची, तिची शुगर वाढली आणि डॉक्टरांना विचारून तिने कार्ब्स कमी केले. अंडी, चीज, भाज्यांचा तिला कंटाळा नाही आला, पण ब्रेडवाचून जीव कासावीस व्हायला लागला, मग बसली बदामाच्या पिठाशी झटापट करत, आणि त्यातनंच हा धंदा उभा राहिला म्हणा ना.

झटापट म्हणजे खरंच झटापट. बदामाच्या पिठात ग्लुटेन नसतं त्यामुळे ब्रेडला धरून ठेवणारं काहीच नाही, ते काम इसबगोल आणि अंड्याच्या पांढऱ्यावर सोडावं लागतं. एकदा इसबगोलचा नवीन लॉट आला आणि ओव्हनमधनं ब्रेड निघाला तो जांभळा, अक्षरशः जांभळा! खायला काही बिघडलेला नव्हता, काही लॉटमध्ये भाजल्यावर असा रंग चढतो, पण गिऱ्हाइकाला हे कोण पटवणार, सगळी बॅच घरीच खाल्ली. आता नवीन लॉट आला की आधी एकच छोटा लोफ लावून बघतो. खोबऱ्याचं पीठ अजून वेगळं, ते पाणी इतकं पितं की बदामाच्या पिठाऐवजी तेवढंच घातलंत तर वीट तयार होते.

आणि साखर काढली की नुसता गोडवा जात नाही हो. साखर पाणी बांधून ठेवते म्हणून नेहमीचा केक टिकतो, आमच्या केकला बुरशी लवकर धरते, त्यामुळे सगळं फ्रीझ करूनच देतो. गोडीसाठी एरिथ्रिटॉल वापरतो, ते जिभेला गार लागतं आणि थंड झाल्यावर पुन्हा खडे धरतं, म्हणून बारीक दळूनच घालायचं. माल्टिटॉल हे दुसरं गोड द्रव्य वापरलं असतं तर काम सोपं झालं असतं, पण त्याने रक्तातली शुगर बऱ्यापैकी वाढते आणि वर पाकिटावर शुगर फ्री लिहायचं, हे मला नाही जमत. लेबलवर आम्ही एका स्लाइसमधले एकूण कार्ब्स आणि फायबर वजा केलेले कार्ब्स दोन्ही छापतो, कारण फायबरची पचून साखर होत नाही. १०० ग्रॅम बदामात साधारण २२ ग्रॅम कार्ब्स असतात, त्यातले १२ च्या आसपास फायबर, म्हणजे हिशोबात १० धरायचे. कीटोत दिवसाचे कार्ब्स २० ते ५० ग्रॅममध्ये बसवायचे असतात त्यामुळे चार क्रॅकर्स जास्त खाल्ले तरी गणित हलतं.

माल चांगला होता तरी गिऱ्हाईक टिकत नव्हतं. जोरात सुरुवात करायचे, आठवड्यात वजन उतरलं म्हणून फोटो पाठवायचे, मग गायब. ताईने एकेकाला फोन लावायला घेतले. काही जण पहिल्या तीनचार दिवसांतच गळाले होते, डोकं दुखतं, पायात गोळे येतात, चिडचिड होते. ते साहजिक आहे, शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन (साखरेचा साठा) संपतं तसं त्याच्याबरोबरचं पाणी जातं (सुरुवातीचं वजन बरंचसं हेच), इन्सुलिन उतरलं की किडनी मीठ पण जास्त बाहेर टाकते. तेव्हापासून सुरुवातीच्या पॅकमध्ये खारं गरम सूप असतंच, बीपीवाल्यांना मात्र आधी डॉक्टरांशी बोलून घ्या म्हणतो.

पण जास्त जणांनी सांगितलं ते वेगळंच: घरात दोन स्वयंपाक होत नाहीत. एकासाठी कीटो, बाकीच्यांसाठी नेहमीचं, करणारी व्यक्ती एकच, ती किती दिवस करणार? यावर ताईने डबाच अर्धा केला. म्हणजे मुख्य पदार्थ, चिकन म्हणा पनीर म्हणा किंवा अंडी, क्रीम-बटरच्या सॉसमध्ये, सगळ्या घराला पुरेल एवढा एकच, आणि बरोबर फक्त कीटोवाल्यापुरता फ्लॉवरचा भात (तांदूळ नाही, बारीक केलेला फ्लॉवरच) किंवा ब्रेड. बाकीच्यांनी त्याच सॉसबरोबर आपला भात, पास्ता, बटाटे काय हवं ते घ्यावं. सॉसला मैदा किंवा कॉर्नफ्लोअर न लावता क्रीम आटवूनच घट्टपणा आणायचा, एवढीच मेख. आज आमचं निम्म्याहून जास्त काम याच अर्ध्या डब्याचं आहे, ब्रेड मागे पडला, ताईला थोडं वाईट वाटतं त्याचं.

काही ऑर्डर आम्ही घेत नाही. हा आहार मुळात १९२१ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी फिट्स येणाऱ्या रुग्णांसाठी सुचवला होता, आणि त्या उपचारात अजूनही ग्रॅमवर मोजून जेवण देतात, क्लासिक प्रकारात ४ भाग फॅटला प्रोटीन-कार्ब्स मिळून १ भाग. अशा मुलांच्या आईवडिलांचे फोन येतात, फार कळकळीने विचारतात, पण तिथे आमचा अंदाजपंचे सॉस चालणार नाही, ते काम हॉस्पिटलच्या डायटिशियनचं. तसंच इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय डबा सुरू करत नाही, कारण कार्ब्स कमी केले आणि डोस तोच राहिला तर शुगर एकदम खाली जाऊ शकते. एसजीएलटी२ या गटातल्या डायबेटिसच्या गोळ्यांवर तर शुगर नॉर्मल दिसत असतानाही कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल वाढून जिवावर बेतेल अशी अवस्था, होऊ शकतो. यावरून गिऱ्हाईक चिडतात, तुम्हाला धंदा करायचाय की नाही असं पण एकाने ऐकवलं. करायचाय की.

सध्या बिस्किटांचं चाललंय. एरिथ्रिटॉलने रंग येत नाही, पांढरीफटक दिसतात, म्हणून ताई अॅल्युलोज हे वेगळं गोड द्रव्य घालून बघतेय, त्याने रंग छान येतो पण इतका पटकन येतो की ओव्हनसमोरून हलता येत नाही. तापमान उतरवून, ट्रे वरच्या कप्प्यातून खाली आणून बघणं चालू आहे, जमली की लेबल छापायला टाकू.