हौद्याला छप्पर

पावसाळा तोंडावर आलाय, म्हणून आज कळव्यात दादाच्या पिकअपच्या हौद्यावर घरीच छप्पर चढवलं. तयार हूडचा भाव ऐकूनच दादा म्हणाला, "राहू दे, आपणच करू." चौकोनी लोखंडी पाइप, वेल्डिंगवाल्याकडून वाकवून आणलेल्या कमानी, वर ताडपत्री. खरी मेख कमानीत आहे. मधला भाग चार बोटं उंच असेल तरच पाणी दोन्ही बाजूंना उतरतं. सपाट असेल तर ताडपत्रीत तळं साचतं आणि शिवण उसवते. पाइप जिथे घासतो तिथे जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले (आयडिया आईची, श्रेय तिलाच!). सांगाडा वेल्ड न करता नटबोल्टने कसलाय, उंच माल असला की काढता येतो. उद्या पहाटे वाशीच्या भाजी मार्केटला पहिली फेरी. वहिनी विचारतेय, स्कूटरला पण असंच काही करून द्याल का?