अंधार कुठे ठेवायचा?

तैवानमधल्या तैपेईत इंटिरियरचं काम करताना माझी उजेडाकडे बघायची नजर बदलली, आणि त्याचं मोठं श्रेय एका जुन्या चित्राला आहे. इथल्या नॅशनल पॅलेस म्युझियममध्ये गुओ शी या चीनच्या सोंग राजवटीतल्या दरबारी चित्रकाराचं, वसंताच्या सुरुवातीचा डोंगर दाखवणारं 1072 सालचं चित्र आहे. चित्राचं रेशीम उजेडाने खराब होतं, म्हणून ते कायम लावलेलं नसतं. लावतात तेव्हाही दालनात उजेड अगदी मंद. डोळे जरा सरावले की कडे वर येऊ लागतात, खेकड्याच्या नांग्यांसारख्या वाकड्या फांद्या दिसतात, तळाशी पाण्याकाठची माणसं. आणि डोंगराच्या कमरेला? तिथे धुकं आहे. काचेला नाक लावून पाहिलं तर ते जवळजवळ कोरं सोडलेलं रेशीम आहे!

गुओ शीचं म्हणणंच होतं की डोंगर अख्खा दाखवला तर उंच वाटत नाही, कमरेला धुक्याने वेढला की उंच वाटतो. यामागे ताओ विचार आहे. 'ताओ ते चिंग' या प्राचीन चिनी ताओ ग्रंथाच्या अकराव्या प्रकरणात चाकाचे तीस आरे मधल्या तुंब्याला येऊन मिळतात, पण चाक कामाला येतं ते तुंब्यातल्या भोकामुळे. खोलीचंही तसंच: भिंतीत दारं-खिडक्या काढतात, राहतो आपण आतल्या पोकळीत.

हे मला रस्त्यावरही रोज दिसतं. आमच्या गल्लीतल्या नूडलवाल्याकडे एकच बल्ब आहे, पातेल्याच्या वर हातभर अंतरावर लटकणारा. वाफ उजळते, त्याचे हात दिसतात, बाकी गाडी काळोखात. येणाऱ्याची नजर थेट पातेल्यावर जाते. पलीकडच्या किराणा दुकानात शटर अर्धं पडलेलं असलं तरी आतल्या देव्हाऱ्यातले दोन लाल दिवे चालू असतात, आणि तेवढ्यावर दुकान किती खोल आहे ते कळतं.

इथली जुनी घरं लांबट, अरुंद. मधल्या भागाला बऱ्याचदा खिडकी नसते. छतभर सारखे डाउनलाइट, म्हणजे छतात बसवलेले खाली उजेड टाकणारे दिवे, लावले की समोरची भिंत अंगावर येते. म्हणून मी दाराजवळ एक बुटका दिवा ठेवते, मधला पट्टा मुद्दाम मंद सोडते आणि टोकाच्या भिंतीवर वरून घासत उतरणारा उजेड टाकते. घर लांबवर गेल्यासारखं वाटतं. तो मधला पट्टा म्हणजेच माझं धुकं, आणि आराखड्यात मी तो सगळ्यात आधी काढते.

परवा बहिणीने पुण्याच्या नव्या फ्लॅटचा फॉल्स सीलिंगचा नकाशा पाठवला. हॉलभर डाउनलाइट, सगळे 6500 केल्विनचे, दवाखान्यासारखे पांढरेफटक. निम्म्याहून जास्त मी खोडले. सोफ्यामागच्या भिंतीवर 2700 केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, दोन, जेवणाच्या टेबलावर एक लटकता, अभ्यासाच्या टेबलाला मात्र भरपूर उजेड. बाल्कनीकडच्या कोपऱ्यात काहीच नको म्हटलं. इलेक्ट्रिशियन दादा तयार नाहीत, म्हणून तिथे वायर काढून ठेवायला सांगितली आहे. एक दिवाळी तशीच जाऊ दे, मग हवा तर दिवा लावा.