बंड्या नक्की कुठला?

बुधवार, रात्री साडेदहा

सोमवारी पायात हिरवी रिंग घातलेला पक्षी आला. काल निळीवाला. आज सकाळी लालवाला. तिघांची तऱ्हा एकच. उडत येऊन डाव्या मनगटावर बसायचं, घड्याळाच्या पट्ट्यावर दोनदा चोच घासायची आणि मग तळहातावरच्या उकडलेल्या अंड्याकडे वळायचं. ही बंड्याची पद्धत. म्हणजे गेली दोन वर्षं मी तसं समजत होतो.

रिंगा घातल्याच नसत्या तर बरं झालं असतं.

आप्पा वर्षभर मागे लागला होता. "अरे, सख्खी भावंडं जोड्या लावून बसलीत तुझ्याकडे. अंडी वाया जातायत ती काय उगाच?" बोलणं खरं होतं. घरट्यांच्या मडक्यांतून अंडी भरपूर आणि चैत्रापासून पिल्लं मोजून दोन. कोण कुणाचा हे कळायचं तर पायात काहीतरी हवंच. झेब्रा फिंचचे नर एका साच्यातून काढल्यासारखे असतात. लाल चोच, केशरी गाल, गळ्यावर बारीक पट्टे, कुशीला तांबूस रंगावर पांढरे ठिपके. मादीला यातलं काही नाही, त्यामुळे नर-मादी लांबूनही सांगता येतात. पण नरानरांत?

मला येतं, असं मी आप्पाला ठणकावून सांगितलं होतं. बंड्याच्या शेपटीतलं एक पीस वाकडं आहे म्हणून. पीस! दरवर्षी गळतं आणि नवं येतं ते. काय पण खूण धरली होती.

गेल्या बुधवारी उजेड कमी झाल्यावर पिंजऱ्यात शिरलो. बसायच्या काठ्या आधीच काढल्या, पाण्याचं भांडं बाहेर ठेवलं. काळ्या कापडाची जाळी, कडेला स्पंज गुंडाळलेला. चौदा पक्षी धरायला दीड तास लागला. मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये, पाठ तळहाताला. छाती दाबायची नाही. पक्ष्याला श्वासपटल नसतं, छातीचं हाड पुढेमागे होतं तेव्हाच श्वास चालतो. मूठ घट्ट झाली की संपलंच. बारा-पंधरा ग्रॅमचा जीव, आणि त्याचं काळीज माझ्या बोटांत मोटारीसारखं घुर्रघुर्र करत होतं. मोठ्यांना प्लास्टिकच्या फटीच्या रिंगा घातल्या, त्या पटकन बसतात. नऊ दिवसांच्या दोन पिल्लांना बंद रिंगा. पुढची तिन्ही बोटं आत घालायची, मागचं बोट पायाला चिकटवून त्यावरून रिंग वर सरकवायची आणि मग ते मागचं बोट टूथपिकने हळूच सोडवायचं. चष्म्याचा नंबर वाढलाय हे तेव्हा कळलं. रिंग चमकली तर आई घाण समजून उचलून टाकायला जाते, त्या नादात पिल्लूही मडक्याबाहेर पडतं, म्हणून मार्करने काळी केली.

पुढचे चार दिवस कुणी हाताजवळ फिरकलं नाही. ते साहजिकच होतं. मला वाईट वाटलं ते एकट्या बंड्याचं. बाकीचे कुठे हातावर येत होते?

येत होते. एकापेक्षा जास्त येत होते, पाळीपाळीने. हे आता कळतंय.

आज दुपारी मनाची समजूत घालून पाहिली की रिंगा घातल्यानंतर बाकीचे धीट झाले असतील. पण जाळीत धरलेला पक्षी धीट कसा होईल? त्यातल्या त्यात दोघं जुने असणार, तिसरा त्यांचं बघून आला असेल. म्हणजे बंड्या एक नव्हताच. निदान दोन. आणि मी कुणाला तरी एकाला सांगत बसायचो, रोज सकाळी, चहा गार होईपर्यंत. काय काय सांगितलंय ते इथे लिहीत नाही.

गेल्या श्रावणात एक नर तळाशी पडलेला सापडला होता. तेवढ्यात मनगटावर बंड्या येऊन बसला, म्हणून मी निर्धास्त झालो. दुसराच कुणीतरी गेला म्हणून कढीपत्त्याच्या कुंडीत पुरला, हात धुतले आणि नाश्ता केला.

तोच असेल तर?

त्यांचं आपापसात बरोबर चालतं. प्रत्येक नराचं गाणं वेगळं, लहानपणी बहुधा बापाकडून शिकलेलं. माद्यांना नवरा आवाजावरून कळतो. मला मात्र सगळ्यांचं गाणं रबरी खेळणं दाबल्यासारखं ऐकू येतं. आठ जण आठ तऱ्हांनी आपली ओळख सांगतायत आणि मी शेपटीचं पीस बघतोय.

परवा आईवर ओरडलो ते याआधीच. "आई, मी दादा नाही." ती नुसती बघत राहिली. दादाला जाऊन... असो.

रिंगांच्या रंगावरून आठवलं. १९८०च्या सुमारास अमेरिकेत नॅन्सी बर्ली नावाच्या बाईंनी याच पक्ष्यांवर प्रयोग केले होते. लाल रिंग घातलेले नर माद्यांना जास्त आवडतात आणि हिरवीवाले मागे पडतात, असं त्यांना दिसलं. पुढे दुसऱ्यांनी तेच करून पाहिलं तर फरक आढळला नाही. तरी मी टक्कल पडलेल्या म्हाताऱ्यालाच लाल रिंग घातली होती, म्हटलं बिचाऱ्याचं काही जमलं तर जमू दे. आणि आज मनगटावर आला तो हाच. त्याला मादी नको होती, अंडं हवं होतं. पिवळं सगळं संपवून, पट्ट्यावर शिटून गेला. हसू आलं, आठवड्यात पहिल्यांदा.

वहीत चौदा ओळी आखल्यात. रंग, पाय, नर की मादी, जोडी. पहिल्या पानावर मी आधीच "बंड्या" असं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, पुढे रंग भरायचा म्हणून. ते खोडलं नाही. तिथे रंगही भरला नाही.

संध्याकाळी आईला चहा नेऊन दिला. "दादा, साखर कमी पडली रे."

"घालतो," म्हटलं.

आत्ता आप्पाचा फोन येऊन गेला. "काय, आता येतात ना ओळखू?"

येतात, म्हणून सांगितलं.