वर्धा ते बोर धरण, समोरून हवा

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझा शाळेपासूनचा दोस्त वर्ध्याहून बोर धरणापर्यंत सायकलने जाऊन आलो. जाणं-येणं मिळून ७० किलोमीटरच्या आसपास. एरवी एवढं अंतर आम्हाला जड नाही. पण त्या दिवशी ईशान्येकडून अशी हवा सुटली होती की जायला साडेचार तास लागले आणि यायला दोनसुद्धा नाही.

निघायचं ठरलं होतं पहाटे सहाला. थंडीत पहाटे हवा पडलेली असते. रात्रभर जमीन निवते आणि तिला लागून असलेली गार, जड हवा जागची हलत नाही. ऊन तापलं की वरची वाहती हवा खाली मिसळायला लागते आणि आठ-नऊच्या सुमारास वारं धरतं. म्हणून थंडीतली सायकल पहाटेच काढायची. पण ऐन वेळी दोस्ताच्या मागच्या चाकात बाभळीचा काटा निघाला. पंक्चर काढून निघेपर्यंत साडेसात वाजले, आणि तो दीड तास पुढे फार महागात पडला.

पवनारला धाम नदीच्या पुलावर चढलो आणि पहिला झोत छातीवर आला. पुलावरून विनोबांचा आश्रम दिसतो; एरवी आम्ही तिथे पाच मिनिटं टेकतो. त्या दिवशी थांबलो नाही. अंगात घाम होता आणि थांबलं की तो गार पडतो. स्वेटरच्या आत छातीवर जुनं वर्तमानपत्र घातलं होतं, कानाला दुपट्टा बांधला होता, तरी बोटं ब्रेकवर आखडत होती. (वर्तमानपत्राची युक्ती जरूर करून बघा, हवा आरपार येत नाही.)

पुढे माझी चूक झाली. हवा आली म्हणून मी जोर लावला. मान खाली घालून दहा-पंधरा मिनिटं पायडल मारत राहिलो आणि मागे वळून बघतो तर रस्ता रिकामा. उलटा गेलो. दोस्त एका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून पोटरी चोळत होता, गोळा आला होता. मला म्हणाला, "हवेशी कुस्ती काहून खेळतं बे? ते थकत नाही, आपण थकतो."

खरंच होतं त्याचं. शांत हवेत ताशी १५ किलोमीटरने चाललो तर अंगावर १५ चीच हवा येते. समोरून आणखी १५ ची असली की ती ३० होते, आणि तिचा रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. तिथे जोर लावून वेग वाढवायला जाणं म्हणजे पाय फुकट जाळणं. गिअर हलका करायचा, कोपरं वाकवून अंग खाली न्यायचं, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावायची, कारण फडफडणारं जॅकेट शिडासारखं मागे ओढतं. आणि एकमेकांच्या आडोशाने जायचं.

हा आडोसा मला सेलूजवळ खरा समजला. सेलू एकेकाळी केळीसाठी नावाजलेलं. आता बागा तुरळक आहेत. रस्त्यालगत एक बाग दिसली. हवेच्या अंगाला शेवरीची दाट ओळ लावलेली, पण मधे चार-पाच झाडं मेलेली. त्या खिंडारासमोरच्या केळीची पानं शिरेपर्यंत फाटून चिंध्या झालेली. तिथून दोन हातांवर, शेवरीमागे, तेलकट हिरवं अख्खं पान जेमतेम हलत होतं. आम्ही दोघं सायकलवर तसेच बसून बघत राहिलो. तिथून पुढे पाळी बदलायचा आमचा शब्दच ठरला: "शेवरी!" पुढचा बाजूला व्हायचा, मागचा पुढे यायचा.

एका पाळीला १०० पायडल. मागच्याने हातभर अंतर ठेवायचं, नजर पुढच्याच्या चाकावर नाही, कमरेवर. पुढच्याने अचानक ब्रेक मारायचा नाही, खड्डा दिसला की ओरडून सांगायचं. मी अंगाने भरलेला, तो काडीसारखा. त्याच्या मागे मला आडोसा कमीच मिळे. म्हणून म्हटलं, तू ५० च मार. तर चिडला. "माह्या वाट्याची हवा मीच खाईन." पोटरीतला गोळा पुरता गेला नव्हता, तरी त्याने शेवटपर्यंत १०० च्या आत पाळी सोडली नाही.

सेलूहून हिंगणीकडे वळलं की हवा उजव्या अंगाने तिरपी येते. मग आडोसा सरळ मागे नसतो, थोडा डावीकडे सरकतो. पुढच्याने रस्त्याच्या कडेला जागा सोडावी लागते. आणि इथे सर्वांत जपायचं ते मोठ्या गाड्यांना. उजवीकडून रेटा असल्यामुळे आपण नकळत उजवीकडे झुकून चालवत असतो. कापसाने भरलेला ट्रक बाजूने गेला, क्षणभर हवा तुटली आणि माझी सायकल सरळ त्याच्या चाकाकडे गेली. ट्रक सरला तशी तीच हवा परत आदळली आणि मी डावीकडे मातीत. पडलो नाही, पण पाय कापत होते. त्यानंतर मागून ट्रकचा आवाज आला की आम्ही खाली उतरून उभेच राहिलो.

हिंगणीला तर्री पोहे आणि दोन-दोन चहा. पुढे जंगल लागतं. बोर हा २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, त्यामुळे ऊन चांगलं वर आल्यावरच निघालो. झाडीत हवा एकदम कमी झाली, फक्त वर शेंड्यांचा आवाज. धरणाच्या भिंतीशी पोचलो तेव्हा बारा वाजले होते. पाण्यावर पांढरा फेस धरलेल्या लाटा दगडावर आपटत होत्या.

परतताना सेलूनंतर हवा पाठीशी आली. कानातला घोंगावणारा आवाज बंद झाला. बाभळीच्या काट्यांना अडकलेला कापूस सगळा आम्ही चाललो त्याच दिशेला ताणलेला होता. एक पुंजका सुटून आमच्या बरोबरीने, हँडलच्या उंचीवर, बराच वेळ तरंगत आला. सकाळपासून एकमेकांशी ओरडून बोलत होतो; आता दोघं शेजारी-शेजारी, अगदी हळू बोललं तरी ऐकू येत होतं. दोस्त म्हणाला, "तुह्या चेनीचा आवाज येते बे. घरी गेल्यावर आण इकडं, तेल टाकून देतो."